देशभर दारूबंदी लागू झाली की नेमकं काय काय होतं? अमेरिका (१९२०–१९३३) आणि इतर देश

खडूफळा

नमस्कार मंडळी. संपूर्ण देशात एकाच कायद्याने दारूबंदी केली तर त्याचे परिणाम काय होतात, यावर एक टिपण तयार करतो आहे. वाचायला घेतलं की दोनच टोकं सापडतात. एक म्हणतं, बंदी साफ फसली आणि लोक उलट जास्त प्यायला लागले. दुसरं म्हणतं, बंदीने घरं वाचली, पण दारूवाल्यांनी ती उठवायला लावली. दोन्हीकडे आवेश भरपूर आणि तपशील कमी. माझे प्रश्न असे:

१. पिणं खरोखर कमी झालं का? झालं असेल तर कितीने, आणि किती दिवस टिकलं?
२. बंदी असताना दारू येत कुठून होती? कायद्यात नेमकी भोकं कोणती होती?
३. विषारी दारूने माणसं मेली ती का? घरी गाळलेल्या दारूत मेथॅनॉल (विषारी अल्कोहोल) आपोआप तयार होतं, हे खरं आहे का?
४. सरकारच्या तिजोरीचं काय झालं?
५. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात बंद झाली तर त्याला काय होतं?

अमेरिकेचं उदाहरण सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं आहे म्हणून ते मुख्य धरलं आहे, पण इतर देशांचंही सांगा. 'बंदी हवी की नको' हा वाद इथे नको. झालं काय आणि का झालं, एवढंच हवं आहे.

---

कलमदान

प्रश्न २ घेतो, कारण बाकीचं बरंचसं कायद्याच्या शब्दांतूनच निघतं.

अमेरिकेची १८वी घटनादुरुस्ती १६ जानेवारी १९१९ रोजी मंजूर झाली आणि एक वर्षाने, १७ जानेवारी १९२० पासून लागू झाली. बनवणं, विकणं, वाहून नेणं आणि आयात-निर्यात, एवढ्यावर बंदी. पिण्यावर नाही. बंदीआधी विकत घेऊन घरात ठेवलेली दारू स्वतःच्या घरात पिणं पूर्ण काळ कायदेशीर होतं. ज्यांच्याकडे पैसे आणि तळघर होतं त्यांनी आधीच साठा केला. आठवड्याच्या पगारातून बिअर पिणाऱ्या कामगाराला ती सोय नव्हती. श्रीमंत आणि गरीब यांना बंदी वेगवेगळी लागली ती पहिल्या दिवसापासून.

घटनादुरुस्तीत 'मादक पेय' असा शब्द आहे, व्याख्या नाही. ती ऑक्टोबर १९१९ मधल्या व्होल्स्टेड कायद्याने केली: ०.५ टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क असलेलं काहीही. अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून हा कायदा मंजूर झाला. ०.५ टक्का म्हणजे बिअरसुद्धा गेली. घटनादुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्या अनेकांची समजूत होती की बंदी व्हिस्की-जिनसारख्या कडक दारूवर येते आहे आणि हलकी बिअर-वाइन राहील. तो पाठिंबा इथेच सुटायला लागला.

आता भोकं. प्रत्येक भोक ही एक खरी गरज होती, हे ध्यानात ठेवा. कायदा करणारे बावळट नव्हते.

औषध: डॉक्टर व्हिस्की लिहून देऊ शकत. एका रुग्णाला दहा दिवसांत एक पिंट, म्हणजे साधारण ४७३ मिली. औषधी व्हिस्की बहुधा ५० टक्क्यांची असे, म्हणजे दिवसाला जेमतेम २४ मिली शुद्ध मद्यार्क. मर्यादा तशी कडक दिसते, पण ती प्रत्येक चिठ्ठीपुरती. एकच माणूस चार डॉक्टरांकडे गेला तर तपासणार कोण? १९२१ मध्ये औषधी बिअर बंद केली आणि एका डॉक्टरला ९० दिवसांत १०० चिठ्ठ्यांची मर्यादा घातली. चिठ्ठ्यांची पुस्तकं सरकार छापून देई, त्यामुळे कोऱ्या आणि बनावट चिठ्ठ्यांचाच बाजार तयार झाला.

धर्मविधी: चर्च आणि सिनॅगॉगसाठी वाइनला परवानगी होती. धर्मगुरू खरा की खोटा हे ठरवायला सरकारकडे काही साधन नव्हतं.

फळांचा रस: कायद्याचं २९वं कलम घरी 'मादक नसलेला' सफरचंदाचा आणि इतर फळांचा रस करू देत होतं. पुढे नियम असा लागला की कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर. या रसाला ०.५ टक्क्याचा निकष सरळ लावला जात नसे. तो मादक आहे हे सरकारला सिद्ध करावं लागे. परिणाम असा की कॅलिफोर्नियात द्राक्षलागवड वाढली. आणि कोणत्या द्राक्षाची? आलिकांते बुशे या जाड सालीच्या, गडद रंगाच्या जातीची. ती वाइनला फार चांगली म्हणून लावलेली नव्हती. रेल्वेच्या डब्यातून देशाच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत ती फुटत नसे, आणि रंग इतका गडद की साखरपाणी घालून पुन्हा एक खेप काढता येई. दाबून सुकवलेल्या द्राक्षांच्या विटाही विकल्या जात. 'पाण्यात विरघळवून इतके दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर वाइन होईल' अशी सूचना सोबत असे. गिऱ्हाइकाला कृती कळायला तेवढं पुरे.

हलकी बिअर: ०.५ टक्क्याच्या आतली बिअर बनवायला परवानगी होती. पण ती बनते कशी? आधी पूर्ण ताकदीची बिअर तयार करायची, मग तिच्यातला मद्यार्क काढून टाकायचा. म्हणजे प्रत्येक परवानाधारक कारखान्यात कायदेशीररीत्या खरी बिअर पिंपांनी भरलेली असायची. ती मागच्या दाराने निघे. किंवा हलकी बिअर बाहेर पडून नंतर पिंपात बुचातून स्पिरिट सोडलं जाई.

आणि सगळ्यात मोठं भोक औद्योगिक स्पिरिट. त्यावर रसायनातल्या जाणकारांनी लिहावं.

अंमलबजावणीचं एका वाक्यात सांगतो: सुरुवातीला सबंध देशासाठी संघीय अधिकारी होते दीड हजाराच्या आसपास, पगार बेताचा, आणि १९२७ पर्यंत भरती नागरी सेवा परीक्षेतून नव्हे तर वशिल्याने होत होती. राज्यांनी हातभार लावायचा होता, पण मेरीलँडने बंदीचा राज्य-कायदा कधी केलाच नाही आणि न्यूयॉर्कने केलेला १९२३ मध्ये रद्द केला.

---

जमाखर्च

प्रश्न १ आणि ४.

बेकायदा विक्रीची नोंद कोणी ठेवत नाही, त्यामुळे बंदीच्या काळातलं पिणं थेट मोजता येत नाही. आडून मोजावं लागतं: यकृताच्या सिऱ्होसिसने झालेले मृत्यू, दारूमुळे थेट झालेले मृत्यू, दारूच्या मनोविकाराने रुग्णालयात दाखल झालेले, दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल झालेल्या अटका. अर्थशास्त्रज्ञ मायरन आणि झ्वीबेल यांनी १९९१ मध्ये या चारही मापांवरून काढलेला अंदाज असा: सुरुवातीला पिणं बंदीपूर्व पातळीच्या साधारण ३० टक्क्यांवर आलं, आणि पुढच्या काही वर्षांत ते ६० ते ७० टक्क्यांपर्यंत परत चढलं. म्हणजे 'लोक उलट जास्त प्यायला लागले' हे चूक. कमी झालं, आधी खूप, नंतर बेताने.

पुरुषांमधला सिऱ्होसिसचा मृत्युदर १९११ मध्ये लाखामागे २९.५ होता, १९२९ मध्ये १०.७. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारून टिपण लिहू नका. फक्त एक अट. ही घसरण १९२० च्या आधीच सुरू झाली होती. का, ते पाहा: बरीच राज्यं आधीच कोरडी होती, १९१७ मध्ये महायुद्धामुळे धान्यापासून दारू गाळणं थांबवलं गेलं, आणि १ जुलै १९१९ पासून युद्धकालीन बंदी लागू झाली. १७ जानेवारी १९२० ही तारीख पुस्तकात असते, पण दुकानं त्याआधी सहा महिने बंद झाली होती. 'बंदीआधी' आणि 'बंदीनंतर' अशी रेघ ओढायची तर ती नेमकी कुठे ओढायची, हाच मोठा प्रश्न आहे.

आता खप किती यापेक्षा खप कशाचा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हिशेब करून पाहा. ४० टक्के दारूच्या एका लिटरमध्ये ४०० मिली शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्के बिअरमधून तेवढाच मिळवायला ८ लिटर बिअर लागते. चोरून माल नेणाऱ्याला पकडला जाण्याचा धोका मालाच्या आकारमानावर असतो, त्यातल्या मद्यार्कावर नसतो. ज्या ट्रकमध्ये बिअर नेऊन एक रुपया सुटतो त्याच ट्रकमध्ये कडक दारू भरली तर आठपट मद्यार्क जातो. शिवाय बिअर नासते, जड असते, पिंपांचा आवाज होतो, कारखाना लपवता येत नाही. म्हणून बंदीत बिअर महाग झाली आणि दुर्मिळ झाली, कडक दारू त्यामानाने कमी महागली. पिणारा बिअरकडून कडक दारूकडे ढकलला गेला. एकूण प्रमाण घटूनही एका बैठकीतला घोट जास्त जहाल झाला, तो इथे.

फिनलंडमध्ये हे अगदी उघड दिसतं. तिथे १ जून १९१९ पासून २ टक्क्यांवरच्या सगळ्या पेयांवर बंदी होती. समुद्रातून, मुख्यतः एस्टोनियाच्या बाजूने, जवळजवळ शुद्ध स्पिरिट यायचं, दहा लिटरच्या पत्र्याच्या डब्यांत. ९६ टक्के धरलं तर एका डब्यात ९.६ लिटर मद्यार्क. म्हणजे १९२ लिटर बिअर, एका माणसाला उचलता येईल अशा डब्यात! गस्ती नाव आली की डबे एकत्र बांधून पाण्यात सोडायचे आणि नंतर येऊन काढायचे. बंदीआधी त्या देशात एवढं कडक पेय सर्रास कोणी पीत नव्हतं. १९३१ च्या डिसेंबरअखेरीस सार्वमत झालं, सुमारे ७० टक्के मतं बंदी उठवण्याच्या बाजूने पडली, आणि ५ एप्रिल १९३२ ला सरकारी दुकानं उघडली.

महसूल. १९१०च्या सुमारास अमेरिकेच्या संघीय उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग दारूवरच्या करातून येत होता. एवढा कर सोडणं शक्य झालं ते १९१३ मध्ये प्राप्तिकर आला म्हणून. मग १९२९ची मंदी आली आणि १९३० ते १९३३ या काळात प्राप्तिकराची वसुली निम्म्याच्या खाली गेली. बंदी उठवण्याच्या हालचालींना वेग आला तो तेव्हाच. मार्च १९३३ च्या कायद्याने वजनी ३.२ टक्के मद्यार्काची बिअर खुली केली, ७ एप्रिलपासून विक्री सुरू झाली, आणि पिंपामागे ५ डॉलर कर त्याच कायद्यात होता. २१व्या दुरुस्तीने पूर्ण बंदी ५ डिसेंबर १९३३ ला उठली.

रशियात याच्या उलट क्रम. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच झारने व्होडका बंद केली. व्होडकाची सरकारी मक्तेदारी राज्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त देत होती. पर्यायी कर तयार नसताना, युद्धाचा खर्च वाढत असताना ते उत्पन्न गेलं. तूट नोटा छापून भरली. महागाईला आणखीही कारणं होती, पण हे त्यातलं एक.

---

मोजपात्र

प्रश्न ३, सविस्तर, कारण यात गैरसमज फार आहेत आणि त्या गैरसमजांनी माणसं मरतात.

आधी सरळ उत्तर. धान्य, गूळ किंवा साखर आंबवून केलेल्या सडव्यात मेथॅनॉल नगण्य असतं. फळांत थोडं येतं, कारण ते फळाच्या सालीतल्या आणि गरातल्या पेक्टिनपासून सुटतं. गाळल्याने मेथॅनॉल नव्याने तयार होत नाही. सडव्यात जेवढं असेल तेवढंच वर येतं. एका गावात एका रात्रीत पन्नास माणसं दगावतात तेव्हा भट्टी 'बिघडलेली' नसते. कोणीतरी औद्योगिक मेथॅनॉल, किंवा ते मिसळलेलं स्पिरिट, दारू म्हणून विकलेलं असतं.

हे स्पिरिट आलं कुठून? रंग, वार्निश, अत्तरं, औषधं, रबर, कृत्रिम रेशीम या सगळ्यांना एथॅनॉल, म्हणजे दारूत असतो तोच मद्यार्क, लागतं. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने हे स्पिरिट करमुक्त झालं, अट एकच: ते पिण्यालायक ठेवायचं नाही. म्हणजे त्यात मेथॅनॉल, पिरिडिन, बेंझीन, रॉकेल, कापूर असले पदार्थ मिसळायचे. धंद्यानुसार ठरवून दिलेली मिश्रणं वेगवेगळी. अत्तरवाल्याला रॉकेलचा वास चालणार नाही, म्हणून त्याला सौम्य मिश्रण मिळे. बंदी आल्यावर कागदोपत्री अत्तराचे आणि केसांच्या तेलाचे कारखाने निघाले ते हे सौम्य मिश्रण उचलण्यासाठी.

चोरलेलं स्पिरिट पुन्हा 'शुद्ध' करायला टोळ्यांनी रसायनतज्ज्ञ पगारावर ठेवले. वास आणि कडूपणा बराचसा घालवता येतो. मेथॅनॉल मात्र नीट निघत नाही. त्याचा उत्कलनबिंदू ६४.७ अंश सेल्सियस, एथॅनॉलचा ७८.४. कागदावर फरक पुरेसा दिसतो. पण दोन्ही एकमेकांत आणि पाण्यात पूर्ण मिसळलेले असतात, त्यामुळे मेथॅनॉल सुरुवातीच्या धारेतच सगळं निघून जात नाही, शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. 'पहिली धार फेकली की झालं' ही समजूत म्हणूनच घातक आहे. पहिल्या धारेत इतर हलके, उग्र वासाचे पदार्थ जास्त असतात. ते गेले की वास सुधारतो, आणि वास सुधारला म्हणून माणूस निर्धास्त होतो.

१९२६ च्या अखेरीस सरकारने मिश्रणातलं मेथॅनॉल वाढवण्याचं धोरण घेतलं. त्याच नाताळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात विषबाधेचे रुग्ण रांगेने आले. शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे सरकारला जबाबदार धरलं. त्यांचा मुद्दा असा होता की हे स्पिरिट प्यायलं जातं आहे हे सरकारला ठाऊक आहे आणि तरीही त्यात विष घातलं जातं आहे. बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं होतं की बाटलीवर 'विष' लिहिलेलं आहे. पण चोरीच्या मालावर ती चिठ्ठी राहतच नाही. मला नॉरिस यांचं म्हणणं पटतं. मरणारे बहुतेक गरीब होते, कारण त्यांना परवडणारा माल तोच.

शरीरात काय होतं: मेथॅनॉल स्वतः फारसं विषारी नाही. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं आणि पुढे फॉर्मिक आम्ल. हे आम्ल रक्त आम्लधर्मी करतं आणि डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालतं. १० मिली शुद्ध मेथॅनॉलने कायमचं अंधत्व येऊ शकतं, ३० मिलीने मृत्यू. ४ टक्के मेथॅनॉल असलेल्या २५० मिली स्पिरिटमध्ये ते १० मिली येतात.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट: ते विकर एथॅनॉल आधी उरकतं, मेथॅनॉल नंतर. म्हणून मिश्र दारू प्यायलेला माणूस रात्री नेहमीसारखा नशेत असतो, सकाळी थोडं डोकं दुखतं, आणि १२ ते २४ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, दिसेनासं व्हायला लागतं. रुग्ण बहुधा 'धुक्यातून' किंवा 'पांढरं पांढरं' दिसतं असं सांगतो. सोबत पोटात कळा, ओकाऱ्या, जोरजोरात खोल श्वास. तोवर त्याच बाटलीतून दहा जण प्यालेले असतात.

व्यवहाराचं: चव, वास किंवा ज्योतीचा रंग पाहून मेथॅनॉल ओळखता येत नाही, मिश्रणात तर नाहीच. शंका आली की लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठायचं, बाटली बरोबर न्यायची, आणि त्या बाटलीतून प्यालेल्या प्रत्येकाला बोलावून तपासायचं, तो ठणठणीत दिसत असला तरी. तिथे फोमेपिझोल किंवा मोजून एथॅनॉल देऊन विकर अडवतात, बायकार्बोनेटने आम्ल उतरवतात, फोलिनिक आम्ल देतात आणि गरज पडली तर डायलिसिस करतात. 'एथॅनॉल उतारा आहे' हे ऐकून घरी आणखी दारू पाजत बसू नका. प्रमाण साधत नाही आणि वेळ जातो.

मेथॅनॉलखेरीज दोन विषं सांगायलाच हवीत. एक शिसं: घरगुती भट्टीत वाफ थंड करायला मोटारीचा जुना रेडिएटर लावत. त्याचे सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले. सडव्यातली आम्लं वाफेबरोबर येऊन ते शिसं विरघळवतात. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळं पडणं ही त्याची लक्षणं. एका बाटलीने होत नाही, महिनोन्महिने साचतं, त्यामुळे दारूशी संबंध लवकर जोडला जात नाही.

दुसरं आल्याचा अर्क. औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळणारा, ७०-८० टक्के मद्यार्काचा. लोकांनी तो नुसता पिऊ नये म्हणून सरकारची अट होती की त्यात आल्याचा घन अंश भरपूर हवा, म्हणजे तो पिववणार नाही इतका जहाल लागेल. तपासनीस काय करायचा? नमुना उकळून आटवायचा आणि मागे राहिलेला घन भाग तोलायचा. भेसळ करणाऱ्याला हवा होता आल्याऐवजी घालता येईल असा पदार्थ, जो उकळल्यावर उडून जाणार नाही आणि वजनात भरेल, पण तोंडाला लागणार नाही. आधी एरंडेल वापरलं, मग एक औद्योगिक रसायन, ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट. १९३० च्या वसंतात दक्षिणेतल्या आणि मध्य-पश्चिमेतल्या राज्यांत हजारो माणसांचे पाय लुळे पडले. आधी पोटऱ्या दुखत, मग दहाएक दिवसांनी पाऊल घोट्यापासून लोंबकळे. माणूस गुडघा उंच उचलून पाऊल आपटत चाले. कित्येक जण पुढे कधीच नीट चालले नाहीत. चाचणी वजन मोजत होती, विष मोजत नव्हती. नियम तपासायची पद्धतच भेसळीचा नकाशा होऊन बसली.

---

खडूफळा

मोजपात्र, फार उपयोगी. रेडिएटरचं आणि वजनाच्या चाचणीचं कुठेच वाचलं नव्हतं. कलमदान, जमाखर्च, तुमचेही आभार. प्रश्न ५ राहिला आहे. शिवाय गुन्हेगारीचे आकडे वापरावेत का? १९३३ पर्यंत खून वाढले आणि बंदी उठताच कमी झाले, असा आलेख सगळीकडे दिसतो.

---

नाडीपरीक्षा

प्रश्न ५. बंदीच्या चर्चेत हा मुद्दा कायम मागे पडतो.

जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याच्या मेंदूने दारूच्या गुंगीशी जुळवून घेतलेलं असतं. दारू तुटली की मेंदू उलट्या दिशेने उसळतो. वेळापत्रक साधारण असं: शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ, झोप न येणं. १२ ते २४ तासांत काहींना भास होतात, शुद्ध मात्र असते. झटके, म्हणजे फिट, बहुधा ६ ते ४८ तासांत येतात. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना कंपवात-भ्रम होतो: ताप, नाडी वेगात, कुठे आहोत याचं भान नाही, नसलेले किडे झटकत बसणं. याला उपचार मिळाला नाही तर माणूस जातो. आधी कधी तुटल्यावर फिट आलेली असेल तर पुढच्या वेळी धोका जास्त.

उपचार माहीत असलेले आणि स्वस्त आहेत. बेन्झोडायझेपिन गटाचं औषध लक्षणं मोजून द्यायचं आणि पाच ते सात दिवसांत उतरवत न्यायचं. यकृत खराब असेल तर त्यातलं लोराझेपामसारखं औषध निवडतात, कारण ते शरीरात साचत नाही. थायमिन, म्हणजे बी-१, इंजेक्शनने द्यायचं, आणि ते सलाईनमधल्या ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर. कुपोषित पिणाऱ्याला नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते: डोळे नीट न हलणं, तोल जाणं, पुढे स्मृती जाणं. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की थरथर वाढत चालली, फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ते 'नाटक' नसतं.

कायदा करणाऱ्याने यातून काय घ्यावं? मुदत द्यावी, आणि त्या मुदतीत तालुका पातळीच्या दवाखान्यात ही दोन औषधं आणि ती देता येणारी माणसं उभी करावीत. बंदीच्या पहिल्या आठवड्यातच रुग्ण येतात, सहा महिन्यांनी येत नाहीत. आणि ज्याला दवाखाना मिळत नाही तो सॅनिटायझर, थिनर, स्पिरिट याकडे वळतो. मोजपात्र यांनी वर लिहिलेल्या रुग्णांत असे बरेच असतात.

---

जमाखर्च

खुनांच्या आलेखाबद्दल: जपून. अमेरिकेत मृत्युनोंदणी तेव्हा सगळ्या राज्यांत नव्हती. राज्यं एकेक करून नोंदणीत येत गेली आणि यादी पूर्ण झाली ती १९३३ मध्ये. उशिरा आलेल्या राज्यांपैकी बऱ्याच ठिकाणी खुनाचं प्रमाण आधीपासूनच जास्त होतं. त्यामुळे १९३३ पर्यंतच्या चढात काही भाग नुसता नोंदणीचा आहे. टोळ्यांचे खून खरे आहेत, पण आलेख जसाच्या तसा छापू नका.

त्यापेक्षा न्यायालयांवरचा ताण सांगा, तो पक्का आहे. संघीय न्यायालयांत बंदीचे खटले इतके साचले की ठराविक दिवशी आरोपींना रांगेने उभं करून, गुन्हा कबूल करा आणि थोडक्या दंडावर सुटा, अशी पद्धत पडली. उपाय म्हणून १९२९ मध्ये शिक्षा वाढवली: कमाल ५ वर्षं आणि १०,००० डॉलर. गुन्हा कबूल करणाऱ्यांना मिळणारी सवलत मात्र तशीच राहिली.

---

कलमदान

यात दोन निकाल जोडा, कारण दोन्हींचा परिणाम दारूपुरता राहिला नाही. १९२५ च्या कॅरोल खटल्यात वॉरंटशिवाय मोटारीची झडती घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. सबळ संशय पुरे, कारण मोटार निघून जाते. १९२८ च्या ओल्मस्टेड खटल्यात टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकणं चालेल असं ठरलं. ओल्मस्टेड नंतर १९६७ मध्ये मोडीत निघाला, कॅरोल आजही लागू आहे. आणि शिकागोचे टोळीप्रमुख अल कपोन यांना ११ वर्षांची शिक्षा झाली ती प्राप्तिकर चुकवल्याबद्दल. ते शक्य झालं १९२७ च्या सलिव्हन निकालामुळे: बेकायदा धंद्याच्या उत्पन्नावरही कर द्यावाच लागतो.

---

मीठपाणी

इतर देशांबद्दल थोडी भर. बाहेरच्या देशाचा दबाव हा परिणाम यादीत नाही.

आइसलँडमध्ये १९१५ पासून पूर्ण बंदी होती. देश जगत होता खारवलेल्या मासळीवर आणि मोठं गिऱ्हाईक स्पेन. स्पेनने सांगितलं, आमची वाइन घेणार नसाल तर तुमची मासळी आम्ही घेणार नाही. १९२२ मध्ये आइसलँडने स्पॅनिश वाइन खुली केली. नॉर्वेलाही कडक दारू आणि कडक वाइनवरच्या बंदीमुळे फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल यांच्याकडून असाच फटका बसला. १९१९ च्या सार्वमताने पक्की केलेली बंदी १९२६ च्या सार्वमताने उलटली.

आइसलँडचं पुढचं तर जमाखर्च यांच्या हिशेबाच्या बरोबर उलट आहे. कडक दारू १९३५ मध्ये खुली झाली, पण बिअरवरची बंदी १ मार्च १९८९ पर्यंत राहिली. मधल्या काळात लोक हलक्या कायदेशीर बिअरमध्ये व्होडका घालून 'बिअर' पीत होते.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर दक्षिण आफ्रिका. २७ मार्च २०२० पासून तिथे देशभर दारूविक्री बंद केली, १ जूनला उघडली, १२ जुलैला पुन्हा बंद. रुग्णालयांच्या अपघात विभागातली गर्दी बंदीत घटली आणि विक्री उघडताच वाढली. त्या काळात संचारबंदीही होती, म्हणून सगळं श्रेय दारूबंदीला देता येणार नाही. पण जुलैच्या बंदीत टाळेबंदी बरीच सैल झाली होती, तो काळ वेगळा काढून पाहिला तर तुलना जास्त खरी होते. त्याच दिवसांत दुकानांतून अननस आणि यीस्ट झपाट्याने संपत होते.

---

मोजपात्र

अननसाची घरगुती बिअर आंबवलेलीच असते, गाळलेली नाही, त्यामुळे मेथॅनॉलची भीती तिच्यात फारशी नाही. तिथे दुसरा अपघात होतो: आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटलीचं बूच घट्ट लावतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने काच फुटते. टिपणात 'घरी केलेली दारू' असा एकच शब्द वापरू नका. आंबवलेली, गाळलेली आणि स्पिरिट मिसळून केलेली, या तिघींचे धोके वेगळे आहेत आणि मृत्यूंचे मोठे आकडे बहुतेक तिसरीतून येतात.